मंगळवार आणि शनिवार

20 मार्च 1750 रोजी, मंगळवारी, लंडनमध्ये दोन पेनी किमतीचं एक छोटं पत्र विक्रीला आलं. नाव 'द रॅम्बलर'. आत एकच निबंध, लेखकाचं नाव नाही. दर मंगळवारी आणि शनिवारी अंक काढायचा असं ठरलं होतं, आणि तो निघत राहिला. 14 मार्च 1752 च्या शनिवारी 208 वा अंक काढून पत्र बंद झालं. हिशेब मांडला तर या दोन वर्षांत एकही मंगळवार, एकही शनिवार रिकामा गेलेला नाही. चार-पाच अंक सोडले तर सगळं लेखन एकट्या सॅम्युअल जॉन्सनचं. त्याच्या इंग्रजी शब्दकोशाचं काम याच दिवसांत चालू होतं; 1746 मध्ये हाती घेतलेला तो कोश 1755 मध्ये छापून निघाला. निबंधामागे दोन गिनी मिळत. पत्राचा खप पाचशे प्रतींच्या आत होता.

हाच जॉन्सन घरी, स्वतःच्या वहीत, अगदी वेगळा माणूस होता. त्याच्या प्रार्थना आणि खासगी टिपणं त्याच्या मृत्यूनंतर 1785 मध्ये प्रसिद्ध झाली. नववर्षाला, ईस्टरला, स्वतःच्या वाढदिवसाला तो संकल्प लिहून काढायचा: लवकर उठेन, आळस सोडेन, रोजनिशी ठेवेन, नेमाने वाचेन. पुढच्या वर्षी पुन्हा तीच यादी, आणि मागची पाळली गेली नाही याबद्दलचा पश्चात्ताप. 1764 मध्ये, वयाची 55 वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, एवढं आयुष्य संकल्प करण्यातच गेलं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. लवकर उठणं त्याला शेवटपर्यंत साधलं नाही.

जो माणूस स्वतःला दिलेला शब्द एक वर्षही पाळू शकला नाही, त्याने छापखान्याला दिलेला शब्द सलग दोन वर्षं पाळला. बॉस्वेलने त्याच्या चरित्रात सांगितलं आहे की यातले कित्येक निबंध घाईने लिहिलेले, छापायला जाण्याआधी एकदा वाचूनही न पाहिलेले आहेत. त्याची मैत्रीण हेस्टर पियोझी हिने नोंदवलेली आठवण तर मला फार आवडते. चालढकल या विषयावरचा त्याचा निबंध एका परिचिताच्या दिवाणखान्यात बसून घाईघाईने लिहिला गेला. छापखान्याचा पोऱ्या मजकूर न्यायला थांबला होता.

बरीच वर्षं मी लिहू पाहणाऱ्या माणसांशी बोलत आले आहे. नोकरी सांभाळून लिहिणारे, निवृत्त झाल्यावर लेखणी हाती घेतलेले, मुलं मोठी झाल्यावर स्वतःसाठी थोडा वेळ मिळालेल्या बायका. बहुतेकांकडे जॉन्सनची घरातली यादी असते. पहाटे उठायचं, रोज हजार शब्द लिहायचे, वर्षात पुस्तक पूर्ण करायचं. मकरसंक्रांतीपर्यंत उत्साह असतो, होळीपर्यंत वही मिटलेली असते, आणि मग माणूस स्वतःलाच दोष देत बसतो की आपल्यात चिकाटी नाही. मला ते पटत नाही. चिकाटी बहुतेकांकडे पुरेशी असते. कुणाला तरी, कुठल्या तरी ठरलेल्या वारी, काहीतरी द्यायचं आहे, हे मात्र त्यांच्या आयुष्यात कुठेच नसतं.

मराठी गद्य अशा ठरलेल्या वारांवरच वाढलं. 1848 मध्ये मुंबईत भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रं येऊ लागली. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख तेव्हा पंचवीस वर्षांचे होते आणि सरकारी नोकरीत होते. 1850 पर्यंत 108 पत्रं झाली. आपण त्यांना 'शतपत्रे' म्हणून ओळखतो. एकेक पत्र लहान, एका बैठकीत वाचून होणारं. जातिभेद, विधवांची स्थिती, पंडितांचं पोकळ ज्ञान, इंग्रजी राज्य का आलं, असा एका वेळी एक विषय. मोठा ग्रंथ लिहायला बसले असते तर नोकरीच्या धबडग्यात तो किती पुढे गेला असता, कोण जाणे. पत्राचा आकार ठरलेला होता, वाचक ठरलेला होता, आणि पुढच्या आठवड्याचा अंक समोर होता. दोन-अडीच वर्षांत महाराष्ट्राला हादरवणारं लेखन त्या आकारात बसलं.

पुढे याच लोकहितवादींवर तुटून पडले ते विष्णुशास्त्री चिपळूणकर. जानेवारी 1874 मध्ये पुण्यात त्यांनी 'निबंधमाला' सुरू केली तेव्हा त्यांना तेविसावं संपून चोविसावं चालू होतं. तेही सरकारी शाळेत शिक्षक. दर महिन्याला एक अंक, आणि लेखन जवळजवळ सगळं स्वतःचं. असे 84 अंक निघाले, म्हणजे सात वर्षांचे. लोकहितवादींवरची त्यांची टीका अनेक ठिकाणी अन्यायाची आहे, असं माझं मत आहे आणि ते मी लपवणार नाही. पण लेखनाची दिशा कशी ठरवावी आणि ती सात वर्षं कशी धरून ठेवावी, हे शिकायचं असेल तर मालेइतकी चांगली शाळा मराठीत दुसरी नाही.

मालेचा पहिला निबंध मराठी भाषेच्या सद्यःस्थितीबद्दल आहे. मग विद्वत्त्व आणि कवित्व, वाचन, वक्तृत्व, लेखनशुद्धी, इतिहास, अनुकरण, लोकभ्रम, मोरोपंतांची कविता असे विषय येत जातात. काही निबंध एका अंकात आटोपतात, काही महिनोन्‌महिने चालतात. त्यातलंच एक मोठं प्रकरण डॉ. जॉन्सनच्या चरित्राचं. जॉन्सनचं 'रासेलस' मराठीत आणायला त्यांचे वडील कृष्णशास्त्री यांनी सुरुवात केली होती आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरं केलं. मंगळवार-शनिवारचा नेम पाळणाऱ्या त्या लेखकाची ओळख घरातच झालेली होती. एकट्याने नियतकालिक भरून काढायचं धाडस त्यांनी तिथूनच उचललं असेल असा माझा तर्क आहे.

विषय एवढे निरनिराळे, पण प्रत्येक निबंधामागे भांडण एकच आहे: आपली भाषा आणि आपला इतिहास यांना कमी का लेखायचं? हे भांडण संपत नव्हतं म्हणून माला संपत नव्हती. लिहिणाऱ्या माणसाला मी नेहमी विचारते, 'तुमचं भांडण कशाशी आहे?' शब्द जरा कडक आहे, पण उत्तरं फार सुंदर येतात. कुणाला आपल्या गावच्या नदीचं काय झालं ते सांगायचं असतं. कुणाला आजीच्या हातची औषधं विसरली जाताहेत याचा राग असतो. ज्याच्याकडे असं उत्तर असतं, त्याला विषय सुचत नाहीत अशी तक्रार क्वचितच करावी लागते. ज्याला नुसतं 'लेखक' व्हायचं असतं, त्याची दुसऱ्या महिन्यातच दमछाक होते.

आता शब्दसंख्येकडे वळायला हवं, कारण हल्ली लेखनाचं उद्दिष्ट म्हटलं की लोक आकडा सांगतात. या पंथाचा मूळपुरुष म्हणजे अँथनी ट्रॉलप. इंग्लंडच्या पोस्ट खात्यात 1834 ते 1867 अशी तेहतीस वर्षं नोकरी करून, त्या काळात आणि त्यानंतर मिळून त्याने 47 कादंबऱ्या लिहिल्या. त्याच्या मृत्यूनंतर 1883 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात त्याने आपली पद्धत उघड सांगून टाकली. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं. वेळेवर उठवून कॉफी आणून द्यायला एक जुना नोकर होता. त्याला या कामाचे वर्षाला पाच पौंड जास्त मिळत, आणि आपल्या यशात त्याचा वाटा मोठा आहे असं ट्रॉलप मनापासून मानत असे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचं लिखाण वाचायचं. मग समोर घड्याळ ठेवून दर पाव तासाला 250 शब्द. किती पानं झाली याची तारीखवार नोंद एका वहीत, म्हणजे रिकामा दिवस डोळ्यांत खुपायलाच हवा. हे वाचून त्या काळच्या रसिकांची मनं दुखावली आणि त्याचा भाव काही काळ उतरला.

मला ट्रॉलपबद्दल आदर आहे. तरीही त्याचा आकडा जसाच्या तसा उचलणाऱ्यांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. त्याच्या वहीपलीकडे प्रकाशकाशी झालेला करार होता, पानं आणि तारीख ठरलेली होती, पुष्कळदा कादंबरी मासिकातून क्रमशः यायची होती. आकडा त्या वायद्याची विभागणी होता. वायदा नसताना नुसता आकडा पाळायला गेलं की तो फार लवकर ओझं होतो. त्याच्याकडून घ्यायचंच असेल तर तो पहिला अर्धा तास घ्यावा. कालचं वाचल्याशिवाय आज लिहायला बसायचं नाही, एवढा नेम केला तरी कोऱ्या कागदाची भीती निम्मी कमी होते. माझ्या स्वतःच्या लिखाणात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली सवय हीच आहे.

1999 मध्ये सॅन फ्रान्सिस्को भागात ख्रिस बेटी या तरुणाने 21 जण जमवून एका महिन्यात कादंबरी लिहायचा उपक्रम सुरू केला. उद्दिष्ट 50 हजार शब्द, म्हणजे रोजचे सुमारे 1,667. दुसऱ्या वर्षापासून तो नोव्हेंबरात होऊ लागला आणि पाहता पाहता जगभर पसरला. त्यामागची संस्था 2025 मध्ये बंद झाली. आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला, पण पहिल्या वर्षी ते लोक कॉफीच्या दुकानांत एकत्र बसून लिहीत होते, ही त्यातली खरी गंमत होती. शेजारी बसलेला लिहितो आहे म्हटल्यावर आपणही लिहितो. अभ्यासिकेत बसून परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

मानसशास्त्रात यावर झालेल्या कामापैकी एक प्रयोग तर लेखनाचाच आहे. 1997 मध्ये पीटर गोल्विट्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर या जर्मन अभ्यासकांनी तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना काम दिलं: नाताळची आदली संध्याकाळ तुम्ही कशी घालवली ते लिहायचं आणि दोन दिवसांच्या आत धाडायचं. अर्ध्या विद्यार्थ्यांना आणखी एकच गोष्ट करायला सांगितली: हे नेमकं केव्हा आणि कुठे बसून लिहाल, ते आधी ठरवा. ज्यांनी जागा आणि वेळ ठरवली नव्हती त्यांच्यातल्या साधारण एक-तृतीयांश जणांनी लिहून पाठवलं. ज्यांनी ठरवली होती त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी. सुट्टी तीच, आळसही तोच.

रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांवर केलेला प्रयोग जरा निष्ठुर आहे. एका गटाला सांगितलं, लिहावंसं वाटेल तेव्हा लिहा. दुसऱ्या गटाला ठरलेल्या वेळी लिहिणं सक्तीचं केलं. लिहिलं नाही तर त्यांना मनापासून नावडणाऱ्या संस्थेला त्यांच्या नावाचा चेक जाणार होता. सक्तीच्या गटाने पानं जास्त लिहिली, यात नवल नाही. नवल हे की नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. लहर येण्याची वाट पाहणाऱ्यांना लहरही कमी वेळा आली.

आणि एक दिलासा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली यांनी 96 जणांवर केलेला सवयींचा अभ्यास 2010 मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागतात असं त्यात दिसलं, पण माणसामाणसातला फरक प्रचंड होता: 18 दिवसांपासून 254 दिवसांपर्यंत. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकला तर त्याने जवळजवळ काही बिघडत नाही, असंही आढळलं. हा अभ्यास पाणी पिणं, फळं खाणं, व्यायाम अशा साध्या सवयींचा होता. लेखन त्याहून अवघड, म्हणून आकडे तसेच्या तसे लावू नयेत. पण 'एक दिवस खंड पडला, आता सगळं संपलं' असं मानून वही मिटणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. घरात आजारपण येतं, लग्नकार्य येतं, भात कापणीला येतो. त्या दिवशी लिहिलं नाही तर नाही.

जुन्नर तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची गोष्ट सांगते. जिल्हा परिषदेच्या शाळांत त्यांची सारी नोकरी गेली. त्यातल्या बऱ्याच शाळा डोंगरातल्या, एकशिक्षकी किंवा दोनशिक्षकी. निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायच्या असं त्यांनी ठरवलं आणि रोज चार पानं असा नेम केला. पानं होत होती, पण जन्मापासून सुरुवात केल्यामुळे बालपणातच अडकून पडल्या. पुढे पुढे स्वतःचं लिखाण स्वतःलाच कंटाळवाणं वाटू लागलं आणि नेम सुटला. नाशिकला त्यांचा भाचा असतो. तो एकदा म्हणाला, 'मावशी, पुस्तक राहू दे. दर रविवारी मला एक शाळा लिहून पाठव.'

त्यांनी पहिल्यांदा लिहिली ती पावसात वाट बंद होणारी शाळा. चार महिने ओढा ओलांडता यायचा नाही म्हणून गावातच राहावं लागे. कुणाच्या घरी राहिल्या, ती माउली रात्री काय करून वाढायची, शाळेचं पत्र्याचं छप्पर वाजू लागलं की कविता पाठ म्हणून घ्यायची कशी, तपासणीला आलेले केंद्रप्रमुख चिखलात घसरून पडले तेव्हा मुलांनी हसू कसं आवरलं. दुसऱ्या रविवारी दुसरी शाळा. आता एकेका शाळेला दोन-दोन, तीन-तीन रविवार लागतात, कारण एक आठवलं की दहा आठवतात. त्यांना विचारलं, कंटाळा येत नाही? 'येतो की,' त्या म्हणाल्या, 'पण शनिवारी त्याचा फोन येतो. मावशी, उद्या कुठली शाळा? आता पोरगं वाट बघतंय म्हटल्यावर गप्प कशी बसू?'

पूर्वी त्यांनी पानं मोजली. आता शाळा मोजतात. पान ही कागदाची मोजणी आहे, शाळा ही त्यांच्या आयुष्याची. उद्दिष्ट ठरवताना हा फरक फार मोलाचा आहे. आपल्या विषयातच मोजता येण्याजोगं काहीतरी असतं: गावातल्या विहिरी, घरातल्या वर्षभराच्या भाज्या, बदलीची गावं, वडिलांची पत्रं. एकेक घेत जावं. शिवाय यादीला शेवट असतो, आणि शेवट दिसत असला की चालायला बळ येतं.

वाचकांच्या संख्येबद्दलही बोलायला हवं, कारण हल्ली उमेद खचते ती बहुधा तिथेच. लिहिल्याबरोबर किती जणांनी पाहिलं, किती जणांना आवडलं हे हातातल्या फोनवर दिसतं, आणि माणूस त्या आकड्याला उद्दिष्ट समजू लागतो. गडकिल्ल्यांवर लिहिणारा एक तरुण मला भेटला होता. त्याची खरी ओढ खेड्यापाड्यांतल्या पडक्या गढ्यांकडे. त्यांच्यावर फारसं कुणी लिहिलेलं नाही. पण रायगड-राजगडावर लिहिलं की वाचणारे अनेक पटींनी जास्त, म्हणून तो तेच तेच लिहीत राहिला आणि वर्षभरात लिहिणंच थांबलं. जॉन्सनच्या त्या पत्राचा खप पाचशेच्या आत होता. पुस्तकरूपाने निबंध आल्यावर मात्र त्याच्या आयुष्यातच आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. गढ्यांवरचं लेखन आज तीस जण वाचतील. त्या तिसातला एकजण त्याच गढीशेजारी राहणारा असेल आणि चुकलेलं नाव दुरुस्त करून पाठवेल. लेखकाला पुढचं पान लिहायला लावणारा वाचक तो असतो.

ठरलेल्या वाराची किंमतही मोजावी लागते. हरिभाऊ आपट्यांची 'मधली स्थिती' ही कादंबरी 1885 मध्ये 'पुणे वैभव'मधून क्रमशः आली. 1890 मध्ये त्यांनी स्वतःचं 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो!' त्यात आठवड्याआठवड्याने लिहिली गेली. आनंदाश्रम या संस्थेची व्यवस्था पाहायची, अंक काढायचा आणि त्यात कादंबरीचं पुढचं प्रकरण द्यायचं. या ओढाताणीत त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. पुऱ्या झाल्या त्यांतही पाल्हाळ शिरला. विष्णुशास्त्र्यांनी मालेच्या जोडीला 1878 मध्ये 'काव्येतिहाससंग्रह' सुरू केलं, 1879 मध्ये सरकारी नोकरी सोडली, 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, 1881 मध्ये 'केसरी' आणि 'मराठा'. मालेतला शेवटचा निबंध 'आमच्या देशाची स्थिती'. पुढे सरकारने तो जप्त केला. 17 मार्च 1882 रोजी ते गेले तेव्हा बत्तिसावंही पुरं झालेलं नव्हतं. या माणसांसारखा भार कुणी अंगावर घ्यावा असं मी म्हणणार नाही. आठवड्याला जमत नसेल तर महिन्याला लिहावं, महिन्याला जमत नसेल तर ऋतूला. वार लांबचा असला तरी चालेल, ठरलेला हवा.

दिवाळी अंक हाही एक वायदाच आहे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लेखकाच्या वर्षाला एक तारीख मिळाली. जून-जुलैत संपादकाचं पत्र किंवा फोन येतो, गणपतीच्या आसपास मजकूर द्यायचा असतो, आणि त्या धाकाने आमच्या कितीतरी उत्तम कथा आणि लेख जन्माला आले. पण संपादकाचं पत्र नाव झालेल्यांनाच येतं. ज्याचं अजून काहीच छापलेलं नाही, त्याच्याकडे मजकूर मागायला कोण जाणार?

माझी विनंती आहे ती आपल्या सार्वजनिक वाचनालयांना. महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं हजारोंनी आहेत, त्यांतली बरीच तालुक्याच्या आणि खेड्याच्या गावी. हस्तलिखित अंकाची परंपरा आपल्या शाळा-महाविद्यालयांत चांगली रुजलेली होती. ती वाचनालयात आणायला पैसा लागत नाही. सात-आठ लिहिणारे जमवावेत. एक जाड वही घ्यावी आणि पहिल्या पानावर कुणाची पाळी कुठल्या आठवड्यात ते लिहून टाकावं. ज्याची पाळी असेल त्याने शनिवारी संध्याकाळी वहीत आपला मजकूर स्वतःच्या हाताने उतरवून ग्रंथपालांकडे द्यायचा, आणि आठवडाभर ती वही वर्तमानपत्रांच्या टेबलावर ठेवायची. वाचणाऱ्यांनी समासात पेन्सिलीने लिहावं: हे कळलं नाही, हे नाव चुकलं, पुढे काय झालं ते सांगा. पाळी चुकली तर ते पान कोरं सोडून पुढच्याने पुढच्या पानावर लिहावं. वही भरली की कपाटात लावावी, तिला दाखल क्रमांक द्यावा आणि दुसरी आणावी.